उत्तर आल्याशिवाय गाडी हलत नाही

माझ्या जावयाच्या मनगटावर एक घड्याळ आहे. ते त्याला उठ म्हणतं, बस म्हणतं, पाणी पी म्हणतं, आणि हा एवढा शिकलासवरलेला माणूस मुकाट्याने ऐकतो. एकदा जेवताना मध्येच उठला, हात धुतले आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. मी विचारलं, "जावईबापू, काय झालं? पोटात कळ आली का?" तर म्हणाला, "नाही बाबा, आज चालणं कमी झालंय, घड्याळ आठवण करून देतंय." माझी मुलगी तोंडावर हात धरून हसली. तेव्हा ती माझ्या बाजूची होती.

मला मतं फार आहेत, हे आधीच सांगून टाकतो. दिवसभर खुर्चीत बसून काम करायचं आणि संध्याकाळी पैसे भरून पट्ट्यावर पळायचं, तेही जागच्या जागी, याला मी वेडेपणा म्हणतो. डॉक्टर हल्ली पेशंटच्या जिभेकडे न बघता संगणकाच्या पडद्याकडे बघतात, याला मी आळस म्हणतो. एकाच घरातली माणसं आपापल्या खोल्यांतून एकमेकांना मोबाइलवर 'जेवायला या' असे निरोप पाठवतात, याला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. मतं मांडताना माझा आवाज चढतो. इंजिनात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. तिथे हळू बोललेलं शेजारच्याला ऐकूच जात नाही.

पण मी यंत्रांचा वैरी नाही. मालगाडीच्या इंजिनावरच माझं घर चाललं. आमच्या इंजिनात ड्रायव्हरवर लक्ष ठेवणारं एक बटण असायचं. ते अधूनमधून दाबत राहायचं. नाही दाबलं तर दिवा लागायचा, मग भोंगा व्हायचा, आणि तरीही नाही दाबलं तर गाडी आपणहून ब्रेक लावून थांबायची. ड्रायव्हर एकतर झोपला किंवा मेला, असं यंत्र समजायचं. त्या बटणाचा मला कधी राग आला नाही. ते माझ्यासमोर होतं, माझ्या हाताखाली होतं, आणि त्याला काय कळतं नि काय कळत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी इंजिनात बसून साहेबाला मनसोक्त शिव्या घालायचो. त्या बटणाने कधी साहेबाचे कान भरले नाहीत.

आता सिग्नल पुकारण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने हात पुढे करून, बोट दाखवून, मोठ्याने म्हणायचं, "सिग्नल हिरवा." असिस्टंटने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि म्हणायचं, "हिरवा." मगच पुढे. नोकरी कितीही जुनी असो, रस्ता कितीही पाठ असो, यातून सुटका नाही. कारण नुसते डोळे सवयीने फसवतात. काल इथे हिरवा होता म्हणून आजही हिरवाच दिसतो. तोंडाने म्हणायचं ठरलं की डोळ्यांना खरोखर बघावं लागतं. आणि उत्तर आलं नाही तर गाडी पुढे न्यायची नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. असिस्टंट पेंगत असेल, रुसला असेल, त्याच्या तोंडात घास असेल, काही का असेना. उत्तर नाही तर ब्रेक. न बघता उत्तर देणारा असिस्टंट मात्र कुठल्याच ड्रायव्हरला नको असायचा.

ही सवय माझ्यामागोमाग घरी आली. माझी बायको नर्स होती. तिची सकाळची ड्यूटी असली की ती उजाडायच्या आधीच निघून जायची, आणि मी घरी असलो तर मुलीचं आवरून तिला शाळेत सोडायचं काम माझं. बायकोला एकच धास्ती, बापलेक गॅस तसाच ठेवून जातील. म्हणून मी पोरीला माझी असिस्टंट केलं. पाठीला दप्तर, पायात बूट, अशी ती दाराशी उभी राहायची. मी बोट दाखवून म्हणायचो, "गॅस बंद." ती टाचा उंचावून ओट्याकडे बघायची आणि बारीक आवाजात, शेपूट लांबवून म्हणायची, "बंऽऽद." "नळ बंद." "बंऽऽद." "खिडकी लावली." "लावलीऽऽ." "किल्ली खिशात." यावर ती माझा खिसा चाचपून बघायची आणि मगच म्हणायची, "खिशात." मग मी तोंडाने शिट्टी वाजवायचो आणि आमची गाडी जिना उतरायची.

एकदा खिडकीला उत्तरच आलं नाही. मी म्हटलं, "काय गं, झोपलीस काय?" तर म्हणाली, "बाबा, पडदा आहे. मला खिडकी दिसतच नाहीये." मी आत जाऊन पडदा सारला तर खिडकी सताड उघडी. ही गोष्ट मी ड्यूटीवरच्या किती जणांना सांगितली असेल याला हिशेब नाही. माझी पोर न बघता उत्तर देत नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो. लोक कंटाळायचे.

पुढे ती मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. मी रिटायर झालो. नंतर बायको गेली. घरात मी एकटा उरलो, पण पुकारणं काही सुटलं नाही. बाहेर पडताना मी बोट दाखवून "गॅस बंद" म्हणायचो, ओट्याकडे बघायचो आणि उत्तरही मीच द्यायचो. माझ्या आवाजात नाही, तिच्या. बारीक, शेपूट लांबवून. एवढा बाप्या माणूस लहान पोरीच्या आवाजात बोलतो हे कुणी बघितलं असतं तर हसलं असतं, पण बघायला होतं कोण? मला त्यात गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर सोबतही वाटायची.

डबी मुलीने आणली. पांढरी, साबणाच्या वडीएवढी. जावयाने ती तिच्या मोबाइलला जोडून दिली होती.

"बाबा, तुम्ही घरात कुठे पडलात-बिडलात तर मला लगेच कळेल," ती म्हणाली. "एवढंच."

"एवढंच ना? बाकी काही ऐकत नाही ना ती?"

"तुमचं काय ऐकायचंय तिला? ऐकून ऐकून मी थकले."

आम्ही दोघंही हसलो. तरी मी कुरकुर केली, माझा स्वभावच तो. मग तिने ठेवणीतलं अस्त्र काढलं. "माझ्यासाठी ठेवा ना, बाबा. तुमच्या काळजीने मला झोप लागत नाही." मुलगी 'माझ्यासाठी' म्हणाली की बापाचं काय चालणार? ती स्टुलावर चढून कपाटावर डबी ठेवत होती आणि ती पडू नये म्हणून स्टूल मी घट्ट धरून उभा होतो.

काही महिने बरे गेले. डबीचा मला विसरही पडला. मग एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, आज जरा तुमचं ब्लड प्रेशर दाखवून येऊ." नेहमीच्या दवाखान्यात न नेता तिने रिक्षा भलतीकडेच घ्यायला लावली. मोठी इमारत, लिफ्ट, थंडगार खोली. बाहेर बसलेले सगळे म्हातारे कुठेतरी शून्यात बघत होते. मी तिला म्हटलंही, "इथे सगळ्यांचंच प्रेशर फार लो दिसतंय." ती हसली नाही.

डॉक्टर तरुण होता, हसतमुख होता. मला म्हणाला, "या आजोबा." मी म्हटलं, "मला नातू नाही." त्याने विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, "रिटायर माणसाला सगळेच रविवार." त्याने काहीतरी टाइप केलं. मग कागद पुढे करून मला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. माझं डोकं फिरलं. "प्रेशर बघायला घड्याळ कशाला? आणि काढायला मी काय बालवाडीत आहे?" त्याने पुन्हा टाइप केलं. मी कागदाला हात लावला नाही. आता वाटतं, गुपचूप काढलं असतं घड्याळ तर बरं झालं असतं. पण माझं नाक आडवं आलं.

"बरं, राहू दे," डॉक्टर म्हणाला. "आपण जरा हे ऐकू या." आणि माझ्या मुलीने पर्समधून मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

मोबाइलमधून माझा आवाज आला. "गॅस बंद." आणि लगेच तो दुसरा, बारीक. "बंऽऽद." मग बातम्या वाचणाऱ्या बाईवर मी केलेली आरडाओरड. मग पुन्हा नळ, खिडकी, किल्ली. दुसऱ्या दिवशीचं, तिसऱ्या दिवशीचं. त्या पांढऱ्या स्वच्छ खोलीत तो आवाज माझा मलाच ऐकवेना. एखाद्याने आपल्याला न्हाणीघरात असताना बघावं आणि ते चारचौघांत सांगावं, तसं झालं. मी मुलीकडे बघितलं. डबी फक्त मी पडलो तरच ऐकणार होती ना? ती मोबाइलकडे बघत होती. आधी मला तेवढ्याचाच राग आला. खरा घाव अजून पडायचा होता.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्याने विचारायचं तेच विचारलं. "हे असं दोन आवाजांत बोलणं," तो मुलीला म्हणाला, "ही त्यांची काही जुनी सवय आहे का? नोकरीतली, घरातली? नीट आठवून सांगा. तसं असेल तर गोष्ट वेगळी."

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत मागे टेकूनही बसलो. चला, म्हटलं, सुटलो. पोरगी आता सगळं सांगेल, तिघंही हसू आणि घरी जाऊ.

"नाही," ती म्हणाली. "आई गेल्यावर सुरू झालं हे. हल्ली फार वाढलंय."

मला वाटलं, प्रश्न समजण्यात तिचा घोटाळा झालाय. "अगं, असं काय करतेस?" मी म्हणालो. "आपला सिग्नल! दप्तर घेऊन दाराशी उभी राहायचीस ना? माझा खिसा चाचपायचीस. डॉक्टर, हा आवाज हिचा आहे. लहानपणी ही अशी बोलायची, मी हिची नक्कल करतो."

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं. मग मी एक मूर्खपणा केला. तिथल्या तिथे हात लांब केला, खोलीच्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि पुकारलं, "खिडकी लावली." मला खात्री होती, मी पुकारल्यावर ही उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही. तसाच हात लांब धरून मी बसलो.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, आजारी माणसाशी बोलतात तसं. "मला असं काहीच आठवत नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. त्या दिवशी कळलं, त्यात कापणाऱ्याला जोर लावावाच लागत नाही. डॉक्टर मला समजावून सांगायला लागला. कधी कधी म्हणे मन रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतं, आणि त्या माणसाला ते खरंच घडलंय असं वाटतं, त्यात त्याचा दोष नसतो. म्हणजे मला आठवत होतं हा माझा आजार, आणि तिला आठवत नव्हतं ही तिची तब्येत! मी ओरडलो. टेबलावर हात आपटला. डॉक्टर शांतपणे म्हणाला की अशी चिडचिडही त्यातलाच भाग आहे. मग माझं तोंडच बंद झालं. "यांना एकटं ठेवू नका," तो तिला म्हणाला.

रिक्षात ती माझ्या हातावर हात ठेवून बसली होती. मी हात काढून घेतला नाही. मला काहीच कळत नव्हतं.

त्यानंतर मी पुकारणं सोडलं. कपाटावर डबी होती, आता ती सगळं ऐकते हे माहीत झालं होतं. तिला पुरावे कशाला पुरवायचे? बातम्या बघतानाही मी तोंडाला कुलूप लावलं. माझी मतं पोटातल्या पोटात राहिली आणि मला त्यांचं अजीर्ण व्हायला लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे, मी बसल्या बसल्या दप्तराचा रंग आठवायला लागलो. निळा होता? की तपकिरी? एखादा दिवस असा जायचा की मला वाटायचं, डॉक्टर म्हणतो तेच खरं असेल. दप्तर नव्हतंच. पोरगी दाराशी कधी उभी राहिलीच नाही. ज्याची असिस्टंटच म्हणते सिग्नल लाल आहे, त्याने आपल्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा? आणि माझ्या पोरीने न बघता उत्तर कधी दिलेलं नव्हतं.

मग व्हायचं तेच झालं. एकदा पाणी गेलेलं असताना मी नळ उघडून बघितला आणि तसाच बाहेर गेलो. पुकारलं असतं तर लक्षात आलं असतं. पण मी मुका होऊन निघालो. परत येतो तो घरात तळं, खालच्या मजल्यावरचा शेजारी दारात, आणि माझी मुलगी, तिच्याकडच्या किल्लीने आत येऊन, गुडघ्यावर बसून फरशी पुसतेय. ती एकदा वर बघून म्हणाली, "बाबा, आता तरी नाही म्हणू नका."

मी नाही म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

म्हाताऱ्या माणसांची एक संस्था तिने आधीच बघून ठेवली होती. जावयाने मला मोबाइलवर तिची चित्रं दाखवली. बाग होती, झोपाळा होता, व्यायामाला वेगळी खोली होती. सगळे म्हातारे टोप्या घालून हसत होते.

"दाराची किल्ली कुणाकडे?" मी विचारलं.

"तिथे किल्ली नसते, बाबा," जावई म्हणाला. "दार कार्डाने उघडतं. कार्ड तिथल्या लोकांकडे असतं. तुम्हाला काही त्रासच नाही."

मी मान हलवली. सबंध आयुष्यात माझ्या घराची किल्ली माझ्या खिशात नाही असं एकदाही झालं नव्हतं. आता यापुढे माझ्या बाहेर जाण्याला कुणीतरी कार्ड लावणार होतं. पण किल्लीवरून भांडायला आधी आपलं डोकं ठिकाणावर आहे अशी स्वतःची तरी खात्री लागते, आणि माझ्याकडे ती उरली नव्हती.

जायच्या दिवशी सकाळीच दोघं आली. जावयाने माझ्या बॅगा उचलून जिन्यात नेल्या. मी बूट घालून दाराशी उभा राहिलो, खिशात मूठ, मुठीत किल्ली. पडदे ओढलेले, पलंगावरची गादी गुंडाळलेली. मी मुद्दाम ओट्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर तोंडातून निघालं असतं.

मुलगी सगळ्यात शेवटी बाहेर आली. हातात माझ्या औषधांची पिशवी होती. दार ओढून घ्यायला ती वळली आणि थांबली. तिचा रिकामा हात वर झाला. बोट स्वयंपाकघराकडे गेलं.

"गॅस बंद," ती म्हणाली.

तिचं तिलाही कळलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, मान किंचित तिरकी करून, उत्तराची वाट बघत. ती मान मी ओळखली. ती माझी होती, मीच तशी मान तिरकी करतो. उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मी दिलं नाही.

"गॅस बंद?" तिने पुन्हा विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. आणि मग तिचा हात हवेतच राहिला.

जिन्यातून जावयाचं हसू ऐकू आलं. "अगं, चल आता. बाबा, तुम्ही लक्ष देऊ नका, हिचं हे रोजचंच आहे. आमच्या घरीही दाराशी उभी राहून बोटं नाचवते. मी 'बंद' म्हणेपर्यंत कुलूप लावत नाही. लग्न झालं तेव्हापासून बघतोय मी."

तो एवढं बोलला आणि त्याचं हसू विरलं. त्याने बॅगा खाली ठेवल्या. घड्याळाच्या सांगण्यावरून उठणारा-बसणारा असला तरी माझा जावई मूर्ख नाही.

"त्या रेकॉर्डिंगमध्ये काय होतं?" त्याने तिला विचारलं. "मला तू कधी ऐकवलंच नाहीस. ते भ्रमात बडबडतात, ऐकून मला त्रास होईल, असं म्हणालीस."

ती दारातच उंबऱ्यावर बसली. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन.

"पहिल्या दिवशीच कळलं होतं मला," शेवटी ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "तो आवाज माझा आहे ते. मी ऑफिसमध्ये बसून ऐकत होते आणि रडू आवरत नव्हतं."

"मग?" जावई म्हणाला.

मग ते सगळं बाहेर आलं. तिला बढती मिळाली होती, दुसऱ्या शहरात. दोघांनीही जायचं ठरलं होतं. मला अजून कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या बापाला एकटं टाकून गेली, असं सगळं गाव म्हणालं असतं, सासरचे म्हणाले असते, ऑफिसातल्या बायका म्हणाल्या असत्या. डॉक्टरांनीच सांगितलं म्हटलं की कुणाला तोंड उघडायला जागा राहत नाही. "आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगणार होते, बाबा. शप्पथ. पण 'नाही' असं तोंडातून गेलं, आणि मग परत घेता येईना."

मला आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला. अगदी हसू फुटावं इतका आनंद. मी वेडा नव्हतो! दप्तर होतं, पोरगी होती, पडदा होता, उघडी खिडकी होती. सगळं जिथल्या तिथे होतं. आणि तो आनंद ओसरला तसा तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला विचारलं असतंस," मी म्हणालो. "बाबा, मला जायचंय, एवढं म्हणाली असतीस. मी अडवलं असतं तुला?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणाला असतात. खुशाल जा म्हणाला असतात. म्हणूनच नाही विचारलं. तुम्ही हो म्हणाल्यावर माझा पाय निघाला नसता."

हे ती खरं बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. पण मला त्याचं काही वाटलं नाही.

"घरातून काढायचं होतं तर काढायचं होतंस," मी म्हणालो. माझा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "घर काय, दगडमाती. माझ्या डोक्यातून मला कशाला बाहेर काढलंस? मी रोज बसून तुझ्या दप्तराचा रंग आठवत होतो गं. मला वाटायला लागलं होतं की तू लहान नव्हतीसच कधी."

"निळं होतं," ती म्हणाली, आणि तोंड झाकून रडायला लागली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिला ओलांडून घरात गेलो. जावयाने बॅगा आत आणल्या, गादी उलगडून पलंगावर टाकली आणि कपाटावरची डबी काढून खिशात घातली. तेवढ्यात त्याचं घड्याळ गुणगुणलं. ऊठ म्हणत होतं की बस, कोण जाणे. त्याने बघितलं नाही.

आता ती दोघं त्या दुसऱ्या शहरात आहेत. मीच म्हटलं, जा. तिने डॉक्टरकडे जाऊन सगळं खरं सांगितलं, हे जावयाकडून कळलं. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. गोळ्या घेतल्या का, जेवलात का, चालून आलात का. मी विचारलेल्याला उत्तर देतो. तिने माफी मागितली, मी "झालं गेलं" म्हणालो. लोकांना मी सांगतो, मुलीचं फार छान चाललंय. तेही खरंच आहे.

किल्ली माझ्या खिशात आहे. डबी गेली, डॉक्टर गेला, मतंही हळूहळू परत आली. परवा बातम्या वाचणाऱ्या बाईवर मी असा ओरडलो की खालच्या शेजाऱ्याने विचारलं, बरं आहे ना? एकच गोष्ट आली नाही.

काल सकाळी दूध आणायला निघालो. बूट घातले, दाराशी उभा राहिलो, हात लांब केला. "गॅस बंद," मी पुकारलं. ओट्याकडे बघितलं. बटण बंदवर फिरवलेलं होतं, स्वच्छ दिसत होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो बारीक आवाज आलाच नाही. घसा खाकरला, पुन्हा पुकारलं, पुन्हा वाट बघितली. एकदा माझ्याच आवाजात "बंद" म्हणून बघितलं, पण पुकारणाऱ्यानेच दिलेलं उत्तर आमच्यात धरत नाहीत. मी बूट काढले आणि आत येऊन बसलो.